कारागिराचे नाक आणि हौदाचे पाणी

व्यापाराच्या या पानावर मालाचे भाव, कर, उधारी आणि वाहतूक यांची चर्चा नेहमीच होते. आज आम्ही व्यापारी आणि कारागीर बांधवांचे लक्ष एका अशा नुकसानीकडे वेधू इच्छितो, जी कोणत्याही खातेवहीत लिहिली जात नाही. ती नुकसानी म्हणजे सर्दी, पडसे, घसा बसणे आणि खोकला. आपल्या घरांत यालाच नजला-जुकाम म्हणतात आणि हसण्यावारी नेतात. पण ऐन ईदच्या तोंडावर शिंप्याची मशीन चार दिवस बंद राहिली तर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दारात उभे असते. रोजावर काम करणाऱ्या सुताराला, गवंड्याला किंवा गादीवाल्याला तर आजाराची रजा म्हणजे सरळ रोजी बुडणे होय.

यावर आपण काय करतो? औषधाच्या दुकानात जाऊन चार गोळ्या मागतो. त्यांत पुष्कळदा एखादी अँटिबायोटिकची गोळीही असते. साधी सर्दी ही बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही, ही गोष्ट डॉक्टर कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत. पैसा जातो, पोट बिघडते आणि खरोखर गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडेनासे होते.

या खर्चाला आळा घालणारा एक बिनऔषधी उपाय घरातच आहे. तो म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. परंतु हा उपाय जितका स्वस्त, तितकीच त्याची एक अट कडक आहे. ती अट पाण्याची. म्हणून आज नाक आणि पाणी या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडू.

नाकाचे काम काय?

नाक हे फक्त वास घेण्यासाठी आहे असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात नाक हे शरीराचे जकात नाके आहे. आत येणारी हवा तेथे गरम होते, ओलसर होते आणि गाळली जाते. नाकाच्या आतील अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, परागकण आणि जंतू त्याला चिकटतात. या थराखाली अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि तो सगळा कचरा हळूहळू घशाकडे लोटतात. तेथून तो पोटात जातो आणि नष्ट होतो. हे काम रात्रंदिवस, न सांगता चालू असते.

हवा फार कोरडी झाली, धूळ फार झाली किंवा माणूस विडी-सिगारेट ओढत असला की या तंतूंचे काम मंदावते. चिकट थर घट्ट होतो, कचरा तेथेच साचतो आणि विषाणूला मुक्काम करायला जागा मिळते. तोंडाने श्वास घेणाऱ्याचे नुकसान आणखी मोठे. त्याची हवा या जकात नाक्यावरून जातच नाही, न तपासलेला माल सरळ आत जावा तसा प्रकार होतो. म्हणून पहिला बिनखर्ची उपाय हाच, की काम करताना, चालताना आणि झोपताना श्वास शक्यतो नाकाने घ्यावा. ज्याचे नाक कायमच बंद राहते त्याने नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवावे.

आपले धंदे धुळीचे

आमचा धंदा कापडाचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरतहून येणाऱ्या गाठी फोडल्या की कापसाचा बारीक फुफाटा उडतो. आमच्या कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने गोदामाच्या भिंतींना ओल असते आणि जुन्या थानांवर बुरशी धरते. पावसाळा संपल्यावर ही थाने झटकायला घेतली की झटकणारा पोऱ्या शिंकू लागतो, हे प्रत्येक कापडवाल्याने पाहिले आहे.

आमच्यापेक्षा बिकट स्थिती इतरांची आहे. जांभ्याच्या खाणीत चिरे कापणारे, रंधा मारणारे सुतार, कापूस पिंजणारे, गादीवाले, काजूच्या कारखान्यात धुरात बसणाऱ्या बाया, हे सगळे दिवसभर तीच हवा ओढतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला. बाजारपेठ चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर व्यापाऱ्यांनी आपल्या हाताने दुकानांतील चिखल उपसला आणि तो चिखल सुकल्यावर त्याचीच धूळ बाजारभर उडाली. अशा वेळी नाकावर रुमाल बांधून काम भागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाकाची चाळण जाड धूळ अडवते. कापसाची आणि दगडाची अगदी बारीक धूळ तिला चुकवून फुप्फुसापर्यंत जाते. वर्षानुवर्षे कापसाची धूळ ओढल्याने गिरणी कामगारांना बिसिनोसिस नावाचा दम्यासारखा आजार होतो. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. नाक धुतल्याने हे आजार टळत नाहीत. त्यासाठी हवा खेळती ठेवणे, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडणे आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ जातीचा मास्क वापरणे हाच मार्ग आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आपल्याच शिंप्यांनी हजारो कापडी मास्क शिवले. कापडी मास्क शिंतोडे आणि जाड धूळ अडवतो, बारीक धुळीला तो पुरा पडत नाही. मालकाने कारागिराला योग्य मास्क द्यावा. तो खर्च मजुरीत कापू नये.

तपासणीत काय दिसले?

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची पद्धत आपल्या देशात जुनी आहे. योगात तिला जलनेती म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहाव्यात हा त्यांचा आग्रह होता. काही बांधवांना योगाचे नाव ऐकताच संकोच वाटतो. आम्ही एवढेच म्हणू, की मिठाच्या पाण्याने नाक धुणे ही पूजा नव्हे. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर प्रत्येक रुग्णाला, तो कोणत्याही धर्माचा असो, हेच करायला सांगतात.

अलीकडे या उपायाची पद्धतशीर तपासणी झाली आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे ६६ प्रौढांवर झालेला एक छोटा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी सुरू होताच काहींना मिठाच्या थोड्या तीव्र पाण्याने नाक धुवायला आणि गुळण्या करायला सांगितले, इतरांना नेहमीप्रमाणे राहू दिले. नाक धुणाऱ्यांची सर्दी सरासरी सुमारे दोन दिवस लवकर बरी झाली. त्यांनी दुकानातून घेतलेल्या औषधांचा वापर सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला आणि घरातील इतरांना लागण होण्याचे प्रमाणही तितकेच घटले. एका खोलीत दहा कारागीर बसतात अशा कारखान्यासाठी ही शेवटची गोष्ट लाखमोलाची आहे.

त्यानंतर इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फार मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १३,७९९ लोक होते. दुसरा आजार असलेले, वयस्कर किंवा वारंवार सर्दी होणारे असे हे लोक होते. सहा महिन्यांत नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांचे आजाराचे सरासरी ८.२ दिवस भरले. मिठाच्या पाण्याचा फवारा नाकात मारणाऱ्यांचे ६.४ दिवस भरले. अँटिबायोटिकचा वापरही त्यांच्यात कमी झाला. त्यांना सांगितले होते की आजाराची पहिली चाहूल लागताच किंवा आजारी माणसाच्या सहवासात आल्यावर फवारा वापरावा. चार दिवस वाट पाहून नव्हे, तर पहिल्या शिंकेलाच उपाय सुरू करावा, असा याचा अर्थ.

कारागिरांशी थेट संबंध असलेला अभ्यास स्वीडनमधील लाकूडकाम करणाऱ्या कामगारांवर झाला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नाक नियमित धुतल्याने त्यांचा नाकाचा त्रास कमी झाला आणि श्वास मोकळा झाला.

मीठ नेमके काय करते? एक तर ते पाणी साचलेला कचरा आणि जंतू धुऊन काढते आणि घट्ट झालेला थर पातळ करते. दुसरे, एडिंबरोच्या संशोधकांना प्रयोगशाळेत असे दिसले की आपल्या पेशी मिठातील क्लोराइडचा उपयोग करून हायपोक्लोरस आम्ल तयार करतात आणि त्याने विषाणूची वाढ रोखतात. पाणी शुद्ध करण्याच्या ब्लिचिंग पावडरमध्ये जंतू मारण्याचे काम करणारा पदार्थही हाच आहे. मात्र म्हणून कोणी ब्लिचिंग पावडर नाकाजवळ नेऊ नये. पेशींना मीठ पुरे आहे.

नाक कसे धुवावे?

एक लिटर पाणी खळखळून उकळावे. उकळी आल्यावर किमान एक मिनिट ती तशीच चालू ठेवावी. त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा बारीक मीठ विरघळवावे. पाणी झाकून कोमट होऊ द्यावे. मीठ कमी पडले तर नाक चुरचुरते, जास्त झाले तर आग होते, प्रमाण बरोबर असेल तर काहीच जाणवत नाही. हे पाणी त्याच दिवशी वापरावे, उरलेले फेकून द्यावे.

जलनेतीचा लोटा बाजारात मिळतो. तो आपल्या घरच्या टोटीच्या बधन्यासारखाच असतो, फक्त टोटी नाकपुडीत बसेल अशी निमुळती असते. बेसिनवर पुढे वाकावे, मान एका बाजूला कलती करावी, तोंड उघडे ठेवून श्वास तोंडाने घ्यावा. वरच्या नाकपुडीत पाणी हळूहळू सोडले की ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. मग दुसऱ्या बाजूने तसेच करावे. शेवटी पुढे वाकून पाणी गळू द्यावे आणि एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरू नये, त्याने पाणी कानाकडे जाते. लोटा रोज धुऊन कोरडा करावा आणि प्रत्येकाचा लोटा वेगळा असावा. भर सर्दीत दिवसातून दोन-तीन वेळा, धुळीचे काम असेल तर संध्याकाळी काम संपल्यावर एकदा, एवढे पुरे.

ज्याचा कान दुखतो, ज्याला घोळणा फुटण्याचा त्रास आहे, ज्याच्या नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्याचे नाक पूर्ण चोंदले आहे, त्याने आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रोज्याच्या दिवसांत पाणी घशात उतरण्याचा संभव असल्याने हे काम इफ्तारनंतर करावे.

पाण्याची कडक अट

आता त्या कडक अटीकडे वळू. पाणी उकळण्याचा आग्रह आम्ही उगाच धरलेला नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमिबा उबदार गोड्या पाण्यात वाढतो. हे पाणी प्यायल्याने काही होत नाही. परंतु तेच पाणी नाकात वर चढले तर हा अमिबा वासाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यानंतर रुग्ण क्वचितच वाचतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात दोन जण याच आजाराने दगावले. दोघांनीही नेतीच्या लोट्यात नळाचे न उकळलेले पाणी वापरले होते.

त्याच वर्षी कराचीच्या डॉक्टरांनी १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे रुग्ण तलावात किंवा नदीत पोहायला गेलेले नव्हते. नळाच्या पाण्याने वजू करताना नाकात गेलेल्या पाण्यातून लागण झाली असावी, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. वाढती उष्णता, पाण्यातील क्लोरीनचे घटते प्रमाण आणि जुनी, फुटकी नळयोजना ही कारणे त्यांनी पुढे ठेवली. केरळातही अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण अलीकडे आढळले आणि २०२५ मध्ये तेथील सरकारला विहिरी क्लोरीनने शुद्ध करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. केरळची हवा आणि आपल्या कोकणाची हवा यांत फार अंतर नाही.

घाबरून जाण्याचे कारण नाही. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, तो एकापासून दुसऱ्याला होत नाही आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा अमिबा जगत नाही. योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही आणि उकळल्यावर मरतो. म्हणजे उपाय आपल्या हातात आहे. प्रश्न तो करण्याचा आहे.

वजूचे पाणी ही जमातीची जबाबदारी

वजूमध्ये तीन वेळा नाकात पाणी घेऊन ते शिंकरणे सुन्नत आहे. आपल्याकडे वजूचे वैद्यकीय फायदे सांगणारी पत्रके अधूनमधून वाटली जातात. वजू करणाऱ्याला सर्दी होतच नाही, असे दावे त्यांत असतात. असे दावे करू नयेत असे आमचे मत आहे. वजू ही इबादतीची तयारी आहे आणि तिला औषधाच्या जाहिरातीची गरज नाही. साधे पाणी आणि मिठाचे पाणी यांचा परिणामही एकसारखा नसतो. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. जो माणूस दिवसातून पाच वेळा नाकात पाणी घेतो, त्याला ते पाणी स्वच्छ मिळणे इतरांपेक्षा जास्त गरजेचे आहे. मसला उलमांनी सांगावा, पाण्याचा बंदोबस्त मात्र आपण करायचा आहे.

रत्नागिरी शहरात शीळ धरणाचे पाणी नगर परिषद पुरवते. खेड्यांतून मात्र कित्येक मशिदींचे हौद आणि टाक्या विहिरीच्या पाण्यावर भरतात. एप्रिल-मे महिन्यात छपरावरची टाकी उन्हाने तापते, तळाशी गाळ असतो आणि होते नव्हते ते क्लोरीन उडून जाते. ही स्थिती बदलायला मोठा निधी लागत नाही. मशिदीच्या विश्वस्तांनी आणि जमातीच्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

हौद आणि टाकी ठरलेल्या तारखेला रिकामी करून, घासून, गाळ काढून धुवावी आणि ती तारीख भिंतीवर लिहावी. टाकीला घट्ट झाकण असावे. विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकावी. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर एक हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम हे प्रमाण आहे आणि टाकल्यावर एक तास पाणी वापरू नये. उघड्या पोत्यातील जुनी पावडर निकामी झालेली असते, म्हणून नुसती टाकून समाधान मानू नये. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे आरोग्य सेवक ओटी टेस्ट करतात. पाण्यात थेंब टाकताच ते पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ही तपासणी मशिदीच्या नळावरही करून घ्यावी. पाण्याच्या व्यवस्थेवरून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते मिळाले आहे, हे ग्रामसभेत विचारावे.

काय करू नये?

नाकाच्या बाबतीत आपल्याकडे काही चुकीच्या सवयी आहेत. तपकीर ओढून चार शिंका काढणे म्हणजे नाक साफ करणे नव्हे, तो तंबाखूच आहे. नाकात रोज तेल ओतू नये. तेल फुप्फुसात उतरले तर एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. मेंथॉलची कांडी हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते, पण तो थंडाव्याचा भास असतो. नाक उघडण्याचे औषधी थेंब आठवड्याहून अधिक काळ वापरले तर नाक उलट जास्त चोंदते. वाफ घेतल्याने बरे वाटते, पण आजार लवकर जातो असे तपासणीत ठामपणे दिसलेले नाही आणि गरम पाण्याचे पातेले उलटून मुले भाजतात. ज्या घरात लहान मूल आहे तेथे हे पातेले जमिनीवर ठेवूच नये.

मिठाच्या पाण्याच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर लोटा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्यावी, ती मोफत असते. नाक धुणे हे लसीची जागा घेत नाही.

हिशेब

या सगळ्याचा जमाखर्च मांडला तर काय दिसते? खर्चाच्या बाजूला चिमूटभर मीठ, एक लोटा, थोडे इंधन, पाच मिनिटे आणि जमातीच्या खात्यावर टीसीएलची एक पिशवी. जमेच्या बाजूला आजाराचे कमी दिवस, कमी गोळ्या, शेजारी बसणाऱ्या कारागिराची टळलेली लागण. इतक्या कमी भांडवलाचा सौदा बाजारात दुसरा मिळणार नाही. मात्र माल खरा पाहिजे, आणि येथे माल म्हणजे पाणी. व्यापारी बांधवांनी आपल्या दुकानात आणि कारखान्यात उकळलेल्या पाण्याची सोय करावी आणि येत्या जुम्म्याला नमाजीनंतर विश्वस्तांना एवढेच विचारावे, की हौद शेवटचा कधी धुतला होता?